सगळं पुसून नव्याने विंडोज टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरचा विंडोजचा लॅपटॉप, फार जुना नाही. गेल्या काही महिन्यांत त्यावर फोटो नीट करायचा एक प्रोग्राम, पीडीएफ जोडायचा एक, व्हिडिओचा फॉरमॅट बदलायचा एक आणि एक मोफत अँटिव्हायरस टाकला. मग कॉम्प्युटर हळू झाला म्हणून वर एक ‘क्लीनर’ही टाकला. आता लॅपटॉप चालू व्हायला खूप वेळ घेतो. ब्राउझर उघडला की भलतंच पान समोर येतं. खाली उजव्या कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ अशा सूचना येत राहतात. आणि कागद स्कॅन करायच्या स्कॅनरचा प्रोग्राम पुन्हा टाकायला गेलं की १६०३ ही एरर दाखवून सेटअप बंद पडतो. तर सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं का?

आत्ता नको. कारण या चार तक्रारींची कारणं बहुधा वेगवेगळी आहेत. पुसल्यावर चारही एकदम जातील हे खरं, पण कशाने काय झालं होतं हे कधीच कळणार नाही. मग तेच पाच प्रोग्राम तसेच परत येतील आणि काही महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. घरचे कॉम्प्युटर दुरुस्त करताना मला सगळ्यात जास्त छळलंय ते वाईट सॉफ्टवेअरने नाही, तर एकाच संध्याकाळी केलेल्या पाच बदलांनी. एका वेळी एकच बदल करा, दोन दिवस वापरून बघा, मग पुढचा. प्रोग्राम टाकताना हे पाळा आणि काढतानाही पाळा. घाईत सगळेच उडवले तर कोणामुळे काय बिघडलं होतं ते कळण्याचा मार्गच बंद होतो.

पहिलं काम म्हणजे रिस्टार्ट. शट डाउन करून परत चालू करणं नव्हे, मेनूतलं रिस्टार्ट. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली, आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आधीपासूनच चालू असते. तिच्यामुळे शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत मेमरीत येतो. म्हणजे रोज रात्री इमानदारीत बंद होणारा लॅपटॉपही आतून कित्येक आठवडे नव्याने सुरू झालेला नसतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून उभं राहतं. वापरात असलेल्या फाइल बदलायच्या असतील तर सेटअप ते काम पुढच्या रिस्टार्टवर ढकलतो. तो रिस्टार्ट झालाच नाही तर प्रोग्राम अर्धा जुना, अर्धा नवा राहतो. १६१८ ही एरर आली तर तिचा अर्थ ‘दुसरं कुठलंतरी इन्स्टॉलेशन अजून चालू आहे’ एवढाच असतो. तीही बऱ्याचदा थोडं थांबून किंवा रिस्टार्ट करून सुटते.

त्यानंतर स्टार्ट मेनूत इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ असं काहीसं वर येईल, ते उघडा. विंडोज व्हिस्टापासून ही सोय विंडोजमध्ये आहे, तरी घरच्या वापरात फारच थोड्यांनी ती पाहिलेली असते याचं मला खरंच वाईट वाटतं. समोर दिवसांचे उभे रकाने येतात. प्रोग्राम कोसळला असेल त्या दिवशी लाल फुली असते, पिवळा त्रिकोण इशाऱ्याचा, आणि काही नवीन टाकलं किंवा अपडेट झालं त्याची निळी खूण असते. एखाद्या दिवसावर क्लिक केलं की त्या दिवशी काय आलं, काय गेलं, काय पडलं याची यादी खाली दिसते. तुमचा लॅपटॉप ज्या सुमारास हळू झाला असं तुम्हाला आठवतं, त्याच्या आसपासच्या निळ्या खुणा बघा. आपल्या आठवणीपेक्षा ही यादी जास्त विश्वासाची असते. ‘मी त्या दिवशी काहीच टाकलं नव्हतं’ असं ठामपणे सांगणाऱ्यांच्या यादीतही त्या दिवशीचे दोन-तीन प्रोग्राम निघतात. ते खोटं बोलत नसतात. एका सेटअपच्या पोटातून बाकीचे आलेले असतात.

आता वेग. एकाच मशिनवर दोन अँटिव्हायरस एकाच वेळी पहारा देत असतील तर प्रत्येक फाइल उघडताना दोनदा तपासली जाते, आणि दोघं एकमेकांच्या फाइलवरही संशय घेतात. दुसरा अँटिव्हायरस आला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर सहसा मागे सरतो, त्यामुळे त्याची काळजी नाही. पण नवीन लॅपटॉपवर विकत घेतानाच एक चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस असतो, मुदत संपली तरी तो जागचा हलत नाही, आणि त्यावर आपण मोफतचा दुसरा चढवतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून कोण कोण हजर आहे ते बघा. माझं मत विचाराल तर घरच्या साध्या वापराला डिफेंडर पुरेसा आहे. तो ठेवून बाकीचे एकेक करून काढा.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘स्टार्टअप’च्या यादीत जा. व्हिडिओ बदलणारा प्रोग्राम महिन्यातून एकदा लागतो, पण त्याचा मदतनीस रोज सकाळी विंडोजबरोबर उठतो. अशांना ‘डिसेबल’ करा. यात प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त आपोआप सुरू होणं थांबतं, आणि चुकलं असं वाटलं तर त्याच जागी परत चालू करता येतं. आवाज, टचपॅड आणि ग्राफिक्सच्या नोंदींना हात लावू नका.

क्लीनरबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम आपली सेटिंग जिथे नोंदवून ठेवतात ती जागा, आणि ती साफ केल्याने कॉम्प्युटर वेगवान होत नाही. त्यात लाखो नोंदी असतात, शेकडो निरुपयोगी नोंदी काढल्याने जाणवेल असा काही फरक पडत नाही, आणि एखादी कामाची नोंद गेली तर प्रोग्राम उघडेनासा होतो. असले क्लीनर वापरण्याला आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने म्हटलेलं आहे. जागा मोकळी करायची तर विंडोजमध्ये ‘डिस्क क्लीनअप’ आणि ‘स्टोरेज सेन्स’ आहेत, त्यांना काय सुरक्षित आहे ते माहीत असतं. आणखी एक धोका आहे. ‘विंडोज’ फोल्डरच्या आत ‘इन्स्टॉलर’ नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं. त्यात टाकलेल्या प्रोग्रामच्या सेटअपच्या प्रती ठेवलेल्या असतात, आणि तो प्रोग्राम अपडेट करायला, दुरुस्त करायला किंवा काढायला त्या लागतात. ते फोल्डर फार मोठं होतं, म्हणून जागा वाचवायला लोक ते हाताने रिकामं करतात. त्या वेळी काही बिघडल्यासारखं दिसत नाही. बिघाड कळतो तो कित्येक महिन्यांनी, प्रोग्राम अपडेटही होत नाही आणि निघतही नाही तेव्हा.

प्रसिद्ध नावावर विसंबण्यालाही मर्यादा आहे. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय प्रोग्रामची ५.३३ ही आवृत्ती अधिकृत जागेवरूनच घातक कोडसकट वाटली गेली. हल्लेखोर थेट बनवणाऱ्यांच्या यंत्रणेत शिरले होते, आणि सुमारे २२.७ लाख वापरणाऱ्यांपर्यंत ती आवृत्ती पोचली. वापरणाऱ्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. यातून एकच व्यवहारी गोष्ट घ्यायची: गरज नसलेला प्रोग्राम कितीही चांगला असला तरी टाकू नये.

ब्राउझरच्या दोन तक्रारींपैकी कोपऱ्यातल्या सूचनांची सोपी आहे. तो बहुधा व्हायरस नाही. कुठल्यातरी साइटने ‘सूचना दाखवू का’ असं विचारलं आणि कोणीतरी ‘अलाऊ’ दाबलं. आता ती साइट बंद असतानाही तिच्या जाहिराती विंडोजच्या सूचनेसारख्या दिसतात आणि भीती घालून आणखी एक प्रोग्राम विकू पाहतात. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ शोधा आणि परवानगी दिलेल्यांच्या यादीतून अनोळखी नावं काढून टाका. त्या सूचनेवर मात्र क्लिक करू नका, तिथे दिलेल्या नंबरवर फोनही करू नका.

भलतं पान उघडण्याची तक्रार जरा चिवट असते. आधी ‘ऑन स्टार्टअप’चं सेटिंग बघा, मग एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामची यादी. जे तुम्ही स्वतः टाकलेलं आठवत नाही ते काढा. एवढं करूनही ते पान परत येत असेल तर डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘टार्गेट’ ही ओळ शेवटपर्यंत वाचा. ती ‘.ईएक्सई’ आणि अवतरणचिन्हावर संपायला हवी. कधी त्याच्यापुढे ‘प्रोफाइल’चा उल्लेख असतो, तो चालेल. पण पुढे एक मोकळी जागा आणि मग कुठल्यातरी साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तुमचा चोर सापडला. ब्राउझर कितीही रीसेट केला तरी आयकॉनच त्याला रोज त्या पानावर पाठवत होता. तो पत्ता खोडा. टास्कबारवरचा आयकॉन वेगळा असतो, तोही तपासा. आणि घरच्या लॅपटॉपवर ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून नियंत्रित आहे’ असं दिसत असेल तर कोणत्यातरी प्रोग्रामने आपले नियम लादलेले आहेत. कधी तो अँटिव्हायरस असतो, कधी नको असलेला पाहुणा.

हे पाहुणे आले कुठून, हे नीट समजून घ्या, कारण यावरच पुढचं सगळं ठरणार आहे. शोध घेतल्यावर सगळ्यात वर येणारे निकाल बऱ्याचदा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. नावाजलेल्या मोफत प्रोग्रामचं नाव घेऊन भलत्याच कोणाची सेटअप फाइल तिथे मिळू शकते. व्हिडिओ बघायचा व्हीएलसी हवा असेल तर त्याचं घर व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग, कागदपत्रं लिहायच्या लिब्रेऑफिसचं लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग. पत्ता वाचताना सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्याच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि उजवीकडून वाचत या. खरं नाव सहसा शेवटच्या डॉटच्या लगेच आधी असतं, पत्ता ‘.को.इन’सारखा संपत असेल तर त्या दोन्ही तुकड्यांच्या आधी. त्याच्या डावीकडे कोणीही काहीही लिहू शकतं. पान बरोबर असलं तरी त्यावरच्या जाहिरातीतही ‘डाउनलोड’ची बटणं असतात, आणि ती खऱ्या बटणापेक्षा मोठी आणि हिरवीगार असतात. त्यामुळे फाइल उतरल्यावर तिचं नाव आणि आकार बघायचा. मोठा प्रोग्राम मागितला आणि इवलीशी फाइल आली तर ती नुसती डाउनलोडर असू शकते, बाकीचा ऐवज ती नंतर आणणार. अशा वेळी पूर्ण ऑफलाइन सेटअप मिळत असेल तर तो घ्यावा.

सेटअपवर डबल क्लिक केलं की विंडोजची परवानगीची चौकट येते. ही पद्धत २००७ साली घराघरात पोचलेल्या व्हिस्टापासूनची. लोक ती डोळे मिटून ‘येस’ करतात. तिथे एकच ओळ वाचायची आहे: ‘व्हेरिफाइड पब्लिशर’ आणि त्यापुढचं नाव. मोठ्या कंपनीचा प्रोग्राम आणि तिथे ‘अननोन’ असेल तर ‘नो’ म्हणा. छोट्या, एकट्यादुकट्याने बनवलेल्या प्रामाणिक प्रोग्रामवरही कधी ‘अननोन’ येतं, कारण बनवणाऱ्याची ओळख पटवणारी डिजिटल सही विकत घ्यावी लागते. तेव्हा फाइल कुठून आणली यावर निर्णय घ्यायचा. तसाच ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ हा निळा पडदा. त्याचा अर्थ ‘व्हायरस आहे’ असा नसतो, ‘ही फाइल माझ्या ओळखीची नाही’ असा असतो.

पुढे ‘एक्सप्रेस’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय आले तर नेहमी ‘कस्टम’. तिथेच कळतं की मूळ प्रोग्रामबरोबर एक टूलबार, एक ब्राउझर आणि मुखपृष्ठ बदलण्याची संमती अशा टिक आधीपासून लावून ठेवल्या आहेत. त्या काढा. काही सेटअप यापुढे जाऊन मध्येच दुसऱ्याच प्रोग्रामचा करारनामा दाखवतात. खाली ठसठशीत ‘ॲक्सेप्ट’ आणि फिकट, दाबताच येणार नाही असं वाटणारं ‘डिक्लाइन’. डिक्लाइन दाबलं तर सगळंच बंद पडेल या भीतीने लोक ॲक्सेप्ट करतात. तसं होत नाही. नाकारली जाते ती फक्त ती ऑफर, तुमचा प्रोग्राम पुढे नीट बसतो. सेटअपच्या वरच्या पट्टीवर कोणाचं नाव आहे ते प्रत्येक पडद्यावर वाचत गेलात तर हा डाव लगेच ओळखू येतो.

क्रॅकबद्दल, म्हणजे विकतचा प्रोग्राम फुकटात चालवणाऱ्या फाइलबद्दल, इतकंच. ज्या फाइलबरोबर ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना येते, ती घरच्या कॉम्प्युटरवर येता कामा नये. त्याच कॉम्प्युटरवर तुमची बँक उघडते.

‘सेटअप चालतच नाही’ अशा बऱ्याच तक्रारी झिप फाइलपाशी सुटतात. झिपवर डबल क्लिक केलं की ती फोल्डरसारखी उघडते आणि आतला सेटअप तिथूनच चालवला जातो. विंडोज तेवढीच एक फाइल तात्पुरत्या जागी काढतं, तिच्या शेजारच्या बाकीच्या फाइल झिपमध्येच राहतात आणि सेटअप ‘फाइल सापडत नाही’ म्हणून थांबतो. आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, मग सेटअप. मॅकवरही याचाच एक भाऊ भेटतो. ‘.डीएमजी’ उघडून प्रोग्राम तिथूनच वापरायचा, ‘ॲप्लिकेशन्स’मध्ये ओढायचाच नाही, आणि मग रिस्टार्टनंतर तो गायब झाला म्हणून हैराण व्हायचं.

फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मधून फाइलची एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी डॉटनंतर येणारी प्रकाराची अक्षरं, दिसतील असं आजच करून ठेवा. विंडोज ती लपवून ठेवतं, त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही खरं तर प्रोग्राम असलेली फाइल नुसती ‘बिल.पीडीएफ’ दिसते. मे २००० मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस याच आडोशाने आला होता. लोकांना प्रेमपत्राची टेक्स्ट फाइल दिसत होती, शेवटचं ‘.व्हीबीएस’ दिसतच नव्हतं.

एक गोष्ट खास आपल्या लिपीत काम करणाऱ्यांसाठी. विंडोजमधलं खातं बनवतानाच नाव देवनागरीत दिलं असेल तर ‘युजर्स’मधलं तुमचं फोल्डरही देवनागरीत तयार होऊ शकतं. आजचे बहुतेक प्रोग्राम ते नीट वाचतात, पण काही जुन्यांना तो मार्ग कळतच नाही आणि ते विचित्र एरर देऊन पडतात. खात्याचं दिसणारं नाव नंतर बदललं तरी फोल्डरचं नाव तेच राहतं. त्यामुळे एखादा सेटअप दुसऱ्यांच्या मशिनवर चालतो आणि तुमच्याच मशिनवर नाही असं असेल तर इंग्रजी अक्षरांतलं एक नवं खातं करून त्यात चालवून बघा. फाइलची नावं मराठीत ठेवायला काहीच हरकत नाही.

आता काढण्याबद्दल. डेस्कटॉपवरचा आयकॉन किंवा ‘प्रोग्राम फाइल्स’मधलं फोल्डर डिलीट करणं म्हणजे प्रोग्राम काढणं नव्हे. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘ॲप्स’च्या यादीतून अनइन्स्टॉल करा, मग रिस्टार्ट. काढताना ‘तुमची सेटिंग ठेवू का’ असं विचारलं आणि प्रोग्राम बिघडला म्हणून काढत असाल तर ‘नको’ म्हणा, नाहीतर बिघडलेली सेटिंग परत त्याच जागी भेटते. त्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ वेगवेगळ्या वर्षांच्या नावाने अनेकदा दिसेल. हे इतर प्रोग्रामना चालायला लागणारे सामायिक भाग आहेत, एकाच गोष्टीची फालतू पुनरावृत्ती नाही. वेगवेगळ्या प्रोग्रामना वेगवेगळी आवृत्ती लागते, तशीच ३२ बिटची वेगळी आणि ६४ बिटची वेगळी. त्या काढल्या की दुसऱ्या दिवशी कुठलातरी प्रोग्राम ‘व्हीसीरनटाइम१४० ही डीएलएल सापडत नाही’ म्हणतो, डीएलएल म्हणजे अशाच सामायिक भागाची फाइल. तसं झालंच तर ती एकटी डीएलएल कुठल्याही साइटवरून उचलून आणू नका. मायक्रोसॉफ्टकडून ते रीडिस्ट्रिब्युटेबल पूर्ण टाका.

राहिली १६०३. हा आकडा ‘काम पुरं झालं नाही’ एवढंच सांगतो, का ते नाही. स्कॅनरच्या बाबतीत मला पहिला संशय जुन्या, अर्धवट निघालेल्या प्रतीचा आहे, कारण तुम्ही प्रोग्राम ‘पुन्हा’ टाकताय. स्कॅनरची केबल काढा. यादीत त्याचं काही नाव उरलं असेल तर अनइन्स्टॉल करा. ते निघत नसेल तर मायक्रोसॉफ्टचा ‘प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर’ मोफत मिळतो, अडकलेल्या नोंदी काढण्यासाठीच तो बनवलाय. मग रिस्टार्ट. सी ड्राइव्हवर भरपूर जागा आहे ना ते बघा, कारण सेटअप आधी स्वतःला उलगडतो आणि त्यालाही जागा लागते. नंतर तुमच्याच मॉडेलचा आणि तुमच्याच विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला स्कॅनरशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम, स्कॅनर बनवणाऱ्याच्या साइटवरून नव्याने उतरवा, जुनी सीडी वापरू नका. सेटअप राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवा आणि त्याने सांगितल्यावरच केबल जोडा. तरीही अडलंच तर ज्या फोल्डरमध्ये तो बसतोय त्यावर विंडोजच्या स्वतःच्या ‘सिस्टिम’ या खात्याला पूर्ण अधिकार आहेत का ते तपासा. १६०३ चं तेही एक ठरलेलं कारण आहे. मदत मागताना नुसता आकडा सांगू नका. कोणत्या पडद्यावर, काय दाबल्यावर आली ते सांगा आणि एररचा स्क्रीनशॉट द्या.

या सगळ्यात अपडेट बंद करून ठेवू नका, कितीही वैताग आला तरी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा तो ज्या भगदाडांतून शिरत होता ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. आणि लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे नियमित अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे हे पुढचं ठरवताना लक्षात घ्या.

एवढं करूनही लॅपटॉप सुधारला नाही, किंवा त्यावरून कोणीतरी तुमचे पासवर्ड नेले अशी खरी शंका असली, तर पुसून टाकणं योग्यच आहे. पासवर्डची शंका असेल तर ते दुसऱ्या, स्वच्छ मशिनवरून बदलायचे. ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी तुम्ही टाकलेले प्रोग्राम जातात, फक्त तुमची कागदपत्रं आणि फोटो राहतात. तरीही त्यांची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तिथे एक-दोन फाइल उघडून बघा. विकत घेतलेल्या प्रोग्रामच्या लायसन्स की, ब्राउझरचे बुकमार्क आणि टाकलेल्या प्रोग्रामची यादी लिहून ठेवा. नव्याने सुरू केल्यावर आधी विंडोजचे सगळे अपडेट, मग स्कॅनर आणि प्रिंटर. त्यानंतर सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ चालू करून एक रिस्टोर पॉइंट, म्हणजे बिघडल्यास परत जाता येईल अशी खूण, बनवा. पीडीएफचा प्रोग्राम त्यानंतर, आणि दोन दिवसांनी फोटोचा.